उल्टन हेस्लिनची चढती पट्टी

आयर्लंडच्या लीट्रिम परगण्यातल्या ड्रमलारा गावात शेवटचं कडवं आलं की शहाणी माणसं हातातला चहाचा कप खाली ठेवायची. उल्टन हेस्लिन आता पट्टी चढवणार, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असायचं. गाणं विरहाचं असो, लग्नाचं असो, बोटीतून अमेरिकेला गेलेल्या भावाचं असो, शेवटच्या कडव्याला ते एक पायरी वर जायचंच. भाऊ बुडालेला असला तर दोन.

आमच्या बँडचं नाव 'ब्लू अँकर'. समुद्र आमच्यापासून चाळीस मैलांवर, आणि सहा जणांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं. पण कुणीतरी निळे कोट स्वस्तात आणले, त्यांच्या बाह्यांना पितळेची नांगराची बटणं होती, आणि बारसं तिथेच उरकलं. उल्टन इलेक्ट्रिक ऑर्गन वाजवायचा आणि बँडचा म्होरक्याही तोच होता. दिवसा तो डेअरीची दुधाची लॉरी चालवायचा. लीट्रिमच्या टेकड्यांवर लॉरी चढेना की गिअर खाली घ्यावा लागतो, हे त्याला लॉरीत बसल्यावर बरोबर कळायचं. गाण्यापाशी आला की विसरायचा.

मी जरलथ. ड्रम वाजवायचो. ड्रमला पट्टी नसते, म्हणून या सगळ्या प्रकरणात मी एकटाच सुखी होतो.

खोड लागली ती निव्वळ अपघाताने. साल त्र्याऐंशी, ऑक्टोबर महिना, कॉरामोरच्या हॉलमध्ये नाच होता. उल्टनने नुकताच एक जुना इटालियन ऑर्गन घेतला होता. त्याच्या डाव्या कोपऱ्यात एक खटका होता, आणि तो कशासाठी आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. एक संथ वॉल्ट्झ चालू होता, पांढरी पाचमध्ये. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी उल्टनने जरा जोशात हात फिरवला, बाहीवरचं बटण खटक्याला अडकलं आणि खटका सरकला. त्याची बोटं होती तिथेच राहिली, सूर मात्र काळी चारवर जाऊन बसले.

गिटारवाल्याने हात एक घर पुढे सरकवला आणि सुटला. सॅक्सोफोनवाल्या डिनीला सगळीच बोटं बदलावी लागणार होती, आणि डिनी काही विचार करून वाजवणाऱ्यांतला नव्हता. चार मात्रा त्याने जे वाजवलं ते ऐकून बाहेरची कुत्री उठली. पण दोन वर्षांपासून आमच्याकडे गाणारी कन्सेप्टा मल्वी हुशार. तिने श्वास घेतला, वर उडी मारली आणि गाणं उचललं.

आणि हॉलमध्ये आरोळी उठली. दोनशे माणसांना वाटलं, हे ठरवून केलंय! चौदा वर्षं भिंतीला टेकून उभा असलेला पॅकी डोलन नावाचा शेतकरी त्या धक्क्याने भिंतीपासून सुटला, थेट पलीकडच्या बायकांच्या रांगेपर्यंत गेला आणि एकीला म्हणाला, "नाचणार?" त्यांना आता पाच मुलं आहेत. त्यातलं एकही गात नाही.

नाच संपल्यावर उल्टन व्हॅनमध्ये बसून आपल्या बाहीकडे बघत होता. न्यूटनने सफरचंदाकडे बघितलं असेल, तसा.

"जरलथ," तो म्हणाला, "तू बघितलंस ना? लोक वर आले."

"लोक होते तिथेच होते. तू वर गेलास."

"तेच ते," तो म्हणाला.

त्या दिवसापासून आमच्या बँडमधून साधी गाणी संपली. आधी एका गाण्यात एकदा पट्टी चढायची, मग दोनदा, आणि पंच्याऐंशी सालापर्यंत तीनदा. कोटाची बाही आता अडकत नव्हती. उल्टन सराईत बोटाने खटका सरकवायचा, आणि सरकवताना पाय किंचित उचलायचा, जणू क्लच दाबतोय. रविवारी आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या नन आजारी पडल्या तेव्हा फादर कीव्हनींनी भोळेपणाने उल्टनला बोलावलं. भजनाच्या चौथ्या कडव्याला सत्तरीच्या अकरा बायका अशा काही उंचीवर पोचल्या, जिथे त्या लग्नाआधीही कधी गेल्या नव्हत्या. मिसेस फॉलन तर मधेच खाली बसल्या.

मिस्सा संपल्यावर फादरनी त्याला बाजूला घेतलं. "उल्टन, हे काय होतं?"

"फादर, लोक देवाच्या जरा जवळ गेले."

"मिसेस फॉलन खरोखरच जाणार होत्या," फादर म्हणाले. "पुढच्या रविवारी आपण ऑर्गनशिवाय प्रार्थना करू."

आमच्याकडची जुनी वाजवणारी मंडळी शुक्रवारी दुपारी बाजार उरकला की गिलरेनच्या पबमध्ये बसायची. फिडल, बासरी, एखादी काँसर्टिना म्हणजे हातात मावणारी भात्याची पेटी. त्यांचा पुढारी टोमॉन गिलरेन. वय सत्तर, फिडल हनुवटीखाली न धरता छातीवर धरायचा, आणि मत कुणी विचारण्याआधी द्यायचा. एका शुक्रवारी उल्टन आपला छोटा अकॉर्डियन घेऊन तिथे गेला. मीही गेलो, तमाशा फुकट होता म्हणून.

दुसऱ्याच रीलमध्ये, म्हणजे नाचाच्या जलद चालीत, उल्टनने सूर वर न्यायला सुरुवात केली. टोमॉनने फिडलचा गज थांबवला.

"पोरा, इथे पांढरी दोन आणि पांढरी पाच. फार झालं तर पांढरी सहा. बाकीच्या पट्ट्या डब्लिनला मिळतात."

"पण टोमॉन, तुम्हीही चढवताच की! मघाशी पहिली रील पांढरी पाचमध्ये होती, दुसरी पांढरी सहामध्ये सुरू केलीत. सगळा पब 'हुप' म्हणून ओरडला. मी स्वतः ओरडलो."

"ते निराळं."

"निराळं कसं?"

"आम्ही चाल बदलतो. नवी चाल आपल्या घरी राहते, आम्ही तिच्या दाराशी जातो. तू काय करतोस? तीच बाई, तेच घर, आणि तिला माळ्यावर चढवून म्हणतोस, बघा पाहुणी आली!"

पबमधले सगळे हसले. उल्टनही हसला, कारण हसताना विचार करावा लागत नाही. पण परत येताना मला म्हणाला, "म्हाताऱ्याला हेवा वाटतोय."

आता कन्सेप्टाबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्या चढाईचं ओझं तिच्या गळ्यावर होतं. ती ड्रमलाराच्या पोस्टात खिडकीवर बसायची. आवाज खालच्या सुरांत रमणारा, टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, विस्तवासारखा. ज्वाळा नाही, पण जवळ बसलं की हलावंसं वाटत नाही. असा आवाज मिळाल्यावर कुठल्याही सुज्ञ माणसाने काय केलं असतं? उल्टनने तो शिडीवर चढवला. ती वर गेली की नसा ताणायच्या, मान लाल व्हायची, आणि लोकांना वाटायचं, काय भावना आहे! उल्टनही तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा: "कन्सेप्टा, तुझ्याइतकं वर या परगण्यात कुणी जात नाही." खरंच होतं ते. बाकीच्यांना कुणी पाठवतच नव्हतं.

ती कधीतरी म्हणायची, "उल्टन, हे गाणं जरा खालून सुरू करूया का?"

"खालून? खालून सुरू केलं तर वर पोचायला वेळ लागेल."

"नाहीच पोचलो तर?"

यावर तो असा बघायचा, जणू तिने लॉरी घरी ठेवून दूध पायी आणायला सांगितलंय.

अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये गावच्या जत्रेत नव्या गाण्यांची स्पर्धा ठेवली. उल्टनने स्वतः गाणं लिहिलं. तलावापलीकडच्या एका दिव्याबद्दल होतं, आणि तो दिवा कुणी आणि का लावला हे शेवटपर्यंत कळत नव्हतं. शब्दांकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्यात चार चढ होते. पांढरी पाचपासून निघून काळी चार, पांढरी सहा, काळी पाच आणि शेवटी पांढरी सात. त्याने ते कागदावर जिन्यासारखं काढून सगळ्यांना वाटलं. डिनीने कागद उलटा धरला आणि म्हणाला, "असं जास्त बरं दिसतं."

तालमीत कन्सेप्टाचा आवाज तिसऱ्या पायरीवर फाटायला लागला. तिने सांगितलं, "शेवटचा चढ काढ."

"तोच तर गाणं आहे!"

"मला नाही जमणार, उल्टन."

"त्या दिवशी जमेल. लोक समोर असले की तुला जमतं."

स्पर्धेच्या दुपारी चौकात ट्रेलरवर मंच बांधला होता. परीक्षक डब्लिनहून आणलेले एक गृहस्थ, गळ्यात रेशमी रुमाल, अगदी उंटावरचे शहाणे. पहिले तीन चढ पार पडले. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. उल्टनने चौथ्यांदा खटका सरकवला, पाय उचलला. कन्सेप्टाने तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. आधी खरखर, मग तीही नाही. ती ओठ हलवत उभी राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, एक हात गळ्यावर. आम्ही काय करणार, वाजवत राहिलो.

मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की ट्रेलर हलला. परीक्षक उठून म्हणाले, शब्दांपलीकडची अशी अभिव्यक्ती त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. आम्हाला दुसरा नंबर मिळाला. पहिला नंबर एका माणसाने आपल्या मेलेल्या कुत्र्यावर म्हटलेल्या गाण्याला गेला. त्याने ते एकाच पट्टीत म्हटलं होतं.

स्लायगोच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, गाण्याचं पुढच्या वर्षी बघू, आणि झालंच तर पूर्वीसारखं नाही. कन्सेप्टा खिडकीवर वही-पेन्सिल घेऊन बसायला लागली. पोस्टातली रांग वाढली, कारण उलट उत्तर न देणारी पोस्टबाई लीट्रिममध्ये पहिल्यांदाच लाभली होती.

उल्टन पहिल्या आठवड्यात गेलाच नाही, डेअरीचे कागदही दुसऱ्याच्या हाती पोस्टात पाठवले. दुसऱ्या आठवड्यात सफरचंदाचा टार्ट घेऊन गेला. तिथे काय घडलं ते त्याने मला दुसऱ्या दिवशी लॉरीच्या पायरीवर बसून सांगितलं. त्याने भरपूर बडबड केली होती: गाणं किती गाजलं, लोक अजून विचारतात, परत आलीस की कसं धूमधडाक्यात सुरू करू. कन्सेप्टाने सगळं ऐकून घेतलं. मग वहीत लिहिलं आणि पान त्याच्याकडे फिरवलं.

त्याने ते पान फाडून आणलं होतं. खिशातून काढून मला दाखवलं.

"सात वर्षांत तू एकदा तरी विचारलंस का, माझी पट्टी कोणती?"

मी वाचलं आणि परत दिलं. गंमत करण्यासारखं काही सापडेना.

"जरलथ, तिची पट्टी कोणती रे?"

"मला काय विचारतोस? मी काठ्या आपटतो."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"बँडचा म्होरक्या मी आहे की तू?"

त्याने पानाची घडी करून ते खिशात ठेवलं. मागच्या टाकीत दूध तापत होतं. मग म्हणाला, "मी तिच्या खिडकीवर रोज डेअरीचे कागद द्यायला जातो. सात वर्षं. ती रोज विचारते, आज कसा आहेस. मी कधी विचारलं होतं का?"

"ते मला कसं ठाऊक असणार? पण नसेल विचारलंस."

"नाही," तो म्हणाला.

शुक्रवारी तो टोमॉनकडे गेला. या वेळी अकॉर्डियन न घेता. माणसाची मान खाली गेली की टोमॉनला फार प्रेम यायचं, म्हणून त्याने त्याला शेजारी बसवून चहा मागवला.

"गाणाऱ्याची पट्टी ओळखायची कशी?" उल्टनने विचारलं.

टोमॉनने फिडल खाली ठेवली. "माझी आई गायची. गोठ्यात, चुलीपाशी. मागे वाजवणारं कुणी नव्हतं. तिला कुणी सूर दिला नाही. तोंड उघडलं की जिथे आवाज बसला ती पट्टी. माझा बाप दारात फिडल घेऊन उभा राहायचा आणि तिच्या सुराला तारा लावायचा. तिने दार उघडायचं, याने मागून आत जायचं. तुम्ही आधी दार लावून घेता, मग तिला खिडकीतून चढ म्हणता."

"तुम्हाला घरांचीच उदाहरणं का सुचतात?"

"गवंडी होतो मी," टोमॉन म्हणाला. "चहा पी."

पुढच्या वर्षी मे महिन्यात डॉक्टरांनी परवानगी दिली. उल्टनने कन्सेप्टाला पॅरिश हॉलमध्ये बोलावलं, मंगळवारी दुपारी. मला सोबत नेलं, बहुधा तिने काही फेकून मारलं तर साक्षीदार हवा म्हणून. तो ऑर्गनपाशी बसला पण वाजवायला लागला नाही.

"तू म्हण," तो म्हणाला.

"सूर दे."

"नाही देणार. तू म्हण, मी शोधतो."

कन्सेप्टाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू लिफाफ्यावर पत्ता चुकलाय. मग खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिच्या आजीच्या एका जुन्या गाण्याने सुरुवात केली. आवाज आधीपेक्षा खाली होता, थोडा खरखरीत, आणि मधेमधे विरत होता. पण हलत नव्हता. उल्टन एकेक पट्टी दाबून बघत होता, कान वाकडा करून. पांढरी पाच, नाही. पांढरी चार, नाही. आणखी खाली, आणखी.

"पांढरी तीन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी आहेस तू," तो वैतागून म्हणाला. "ती पट्टी माझ्या पेटीत नाही."

"मग पेटीला सांग," ती म्हणाली.

तो हसला. मग काळी दोन धरून अगदी हळू मागे मागे वाजवत राहिला, आणि ती किंचित त्याच्याकडे सरकली, की तो तिच्याकडे, मला कळलं नाही. मी बाकावर बसून होतो. ड्रम आणले नव्हते, आणि त्या दिवशी त्यांची उणीव कुणालाच भासली नाही. मलाही नाही, हे कबूल करायला मला तीस वर्षं लागली.

मग पहिला नाच. उल्टनने खटक्यावर चिकटपट्टी लावली होती, चार वेढे. पट्टी बदलू नये म्हणून पट्टी, असं डिनी म्हणाला, आणि त्याच्या आयुष्यातला तो एकमेव बरा विनोद होता. गाणं खालून सुरू झालं. कन्सेप्टा गाते आहे हे ऐकायला लोक जवळ आले. शेवटचं कडवं आलं तसे सगळ्यांनी हात टाळीसाठी वर धरले. सवय ती सवय. गाणं वर गेलंच नाही. दोनशे हात हवेत लटकले.

"वर घे रे, उल्टन!" मागून कुणीतरी ओरडलं.

"झोपलास का?"

उल्टनने डावा हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसला. एका हाताने शेवटपर्यंत वाजवलं. काही लोक थांबून नीट ऐकत होते. बरेचसे नव्हते. हॉलच्या मालकाने नंतर सांगितलं, "मला वाटलं फ्यूज उडाला."

असल्या गोष्टींत शेवटी सत्याचा विजय होतो, असं ऐकून आहे. आमच्याकडे लाँगफर्डचा एक बँड विजयी झाला. ते एका गाण्यात चार चढ घ्यायचे आणि वर धुराचं यंत्रही होतं. डिनी त्यांच्याकडे गेला. वर्षभरात आमची आमंत्रणं आटली, निळे कोट कुणाच्या तरी नाताळच्या नाटकात खलाशी झाले. उल्टन मात्र नवख्या विद्यार्थ्यासारखा दर मंगळवारी हॉलवर जायचा. एक्क्याण्णव साली कन्सेप्टाने त्याच्याशी लग्न केलं. मी तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "ऐकायला लागला म्हणून. रूपाकडे बघून केलं असतं का?"

आज उल्टन पंचाहत्तरीचा आहे. लॉरी सुटली, कानात यंत्र आलं. दर गुरुवारी दुपारी आम्ही तिघं कॅरिकजवळच्या वृद्धाश्रमात वाजवतो. म्हाताऱ्या गळ्यांना दोन कडव्यांनंतर दम लागतो, म्हणून उल्टन आता शेवटच्या कडव्याला पट्टी अर्धा सूर उतरवतो. हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी. मग सगळे शेवटपर्यंत पोचतात. टाळ्या कुणी वाजवत नाही, कारण सगळे गात असतात.

तिथे नोरा किल्ब्राइड नावाच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. नाताळपासून त्यांनी कुणाशी शब्द बोलला नव्हता, लेकीशीही नाही. मागच्या गुरुवारी गाणं उतरलं तसे त्यांचे ओठ हलायला लागले. कन्सेप्टाने पाहिलं, ती गातगात त्यांच्या खुर्चीपाशी गेली, आपला आवाज आणखी लहान केला. नोराबाईंनी अख्खं कडवं म्हटलं, एकही शब्द न चुकता. लेक दारात उभी होती, तिने तोंडावर हात ठेवला. उल्टन वाजवायचा थांबला नाही, पण त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी दुसरीकडे पाहिलं, कारण माझ्या वयाला डोळे पुसणं शोभत नाही.

गाणं संपलं. नोराबाई माझ्याकडे वळल्या. चार महिन्यांनी त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"तुम्ही," त्या म्हणाल्या, "मागे पडता. सगळ्या गाण्यांत."

उल्टन इतका हसला की कानातलं यंत्र खाली पडलं.